अर्धा ठेवलेला चहा

मंगळवारचा दिवस, सकाळचे दहा वाजून सात मिनिटं. मी टेबलाखाली स्टॉपवॉच धरून बसलो होतो. ते हायस्कूलच्या पी.टी.च्या सरांकडून मागून आणलेलं होतं. शंभर मीटर धावणाऱ्या पोरांचं घड्याळ आपण सहा बसलेल्या माणसांवर लावतोय, यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही.

समोर आमच्या तालुका दूध संघाचे सहा रूट सुपरवायझर होते. तालुक्यातली गावं सहा रूटमध्ये वाटलेली होती, आणि आपल्या रूटचं दूध वेळेवर नि चांगलं आणणं ही ज्याची त्याची जबाबदारी. रूट दोनचे रांजणे आपल्या जीपच्या टायरबद्दल बोलत होते. सलग तिसऱ्या दिवशी, तोच टायर. रूट चारचे तातोबा खिलारे डोळे मिटून बसले होते. ते ऐकत होते की डुलकी काढत होते, हे पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणालाच कळलं नव्हतं.

मग हौसामावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि रांजण्यांचा टायर जागच्या जागी थांबला. मावशींनी सहा कप सहा जणांपुढे ठेवले. सातवा माझा, वेगळा: कोरा चहा, बशीत लिंबाची फोड. कॉलेजात एक प्राध्यापक असा चहा पीत. तो पिताना ते फार विचारी दिसत, म्हणून मीही तेव्हापासून तोच धरला होता.

खोलीत कुणी बोलेना. मी वहीत लिहिलं, 'शांतता – चार मिनिटं.' सगळ्यांनी दोन-दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवले, अर्धे. कुणी मान वर केली नाही. रांजण्यांनी आपल्या कपाकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि माझी परवानगी न घेता ते बाहेर पडले. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मी वहीत लिहिलं, 'रांजणे – मीटिंग मध्येच सोडली. शिस्तभंग,' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मी तेव्हा संघात सहायक व्यवस्थापक होतो, प्रोबेशनवर. एप्रिलअखेर दोन वर्षं पूर्ण होत होती आणि मला कायम व्हायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं म्हणा ना. वृंदा नावाची मुलगी मला पसंत होती, मी तिला पसंत होतो. तिच्या वडिलांना ऑर्डर पसंत पडायची बाकी होती. "कायमची ऑर्डर दाखवा, मग तारीख काढू," असं त्यांनी अगदी हसतमुखानं सांगितलं होतं. आमचे एमडी नलवडेसाहेब दुसऱ्या संघातून बदलून आलेले, कडक पण न्यायी गृहस्थ. ते म्हणाले होते, "टोणपे, माणूस तुम्ही बरे आहात. पण फायलीत लिहायला काहीतरी करून दाखवा."

त्याच सुमाराला संघानं मला पुण्याला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. विषय होता वेळेचं नियोजन. तिथल्या बाईंनी सांगितलं की आपल्याकडच्या निम्म्या मीटिंगा बंद केल्या तरी कुणाला पत्ता लागणार नाही. मी परत आलो तो धर्मांतर झाल्यासारखाच आलो. येताना एसटीत शेजारच्या म्हाताऱ्यालाही मी मीटिंगांचे तोटे समजावले. तो कराडला उतरायच्या ऐवजी दोन स्टॉप आधीच उतरला.

संघात एकूण बारा मीटिंगा चालत. त्यांतल्या अकरा मी दोन महिन्यांत बंद केल्या, आणि हे आजही छाती काढून सांगतो, त्यांतल्या एकीचीही कुणाला आठवण आली नाही. स्टेशनरी समिती महिन्यातून दोनदा बसायची आणि तिच्याकडे स्टेशनरी नव्हती. मासिक सभेच्या तयारीसाठी एक सभा होती आणि त्या सभेची वेळ ठरवायला आणखी एक. मी त्या सगळ्यांचा निकाल लावला. लोक मला जिन्यात थांबवून धन्यवाद द्यायचे.

राहिली रूट सुपरवायझरांची रोजची दहाची मीटिंग. तिचं अध्यक्षपद एमडींनी माझ्याकडे सोपवलं होतं आणि ते स्वतः कधी तिकडे फिरकत नसत. ही मात्र मी मोजमाप करून बंद करायची ठरवली. अडतीस दिवस मी स्टॉपवॉच धरून बसलो. कोण किती बोललं, किती वेळ गप्प बसलं, कुणी चहा संपवला, कुणी टाकला, कोण मध्येच उठून गेलं, सगळं टिपलं. शेवटी रिपोर्ट लिहिला आणि त्याची शेवटची ओळ मला इतकी आवडली की ती मी लाल शाईनं लिहिली: 'अडतीस दिवसांत झालेले निर्णय – शून्य. सदर मीटिंगमध्ये चहा पिण्याखेरीज काहीही होत नाही.'

नलवडेसाहेबांनी सही केली. हवा तेव्हा चहा मिळावा म्हणून कोपऱ्यात दूध पावडरच्या चहाचं मशीन बसवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी तातोबा माझ्या खोलीत आले. टोपी हातात घेऊन उभेच राहिले.

"साहेब, मीटिंग बंद करताय त्ये बरंच हाय," ते म्हणाले. "बोलून बोलून आमचंबी तोंड दुखतंय. बोलणं बंद करा. पर चहा तेवढा राहू द्या."

"चहा मिळणारच आहे, तातोबा. पाहिजे तेव्हा, पाहिजे तितका. मशीन येतंय."

"मशीनचा न्हवं. ह्यो दहाचा. ह्यो कशापायी असतोय त्ये तुमास्नी म्हाईतच हाय."

मी मान हलवली. मला काहीही माहीत नव्हतं. पण न कळलेल्या गोष्टीला जाणत्यासारखी मान हलवायची मी सवय लावून घेतली होती, आणि तोवर तिनं मला कधी दगा दिला नव्हता. तातोबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. साहेबांना सगळं माहीत असून ते बंद करतायत म्हणजे काहीतरी विचार असणार, असं बहुधा त्यांच्या मनात आलं. ते टोपी घालून निघून गेले.

हौसामावशी दारात होत्या. त्यांनी विचारलं, "मग आता चहा कशाचा?"

"पावडरचा."

"पावडरचा," त्या म्हणाल्या. "दूध संघात."

मला वाटलं, बाई नोकरीच्या काळजीत आहे. मी त्यांना धीर दिला, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, तुम्ही मशीन पुसत जा. त्या निघून गेल्या, आणि मला आपल्या प्रेमळपणाचं कौतुक वाटलं.

पुढचे पाच आठवडे मी हवेत होतो. सुपरवायझर सकाळी परस्पर आपापल्या रूटवर जात, दहा वाजता ऑफिस शांत असे. शेजारच्या तालुक्याच्या संघातून माझ्या रिपोर्टची प्रत मागवली गेली. मी वृंदाला पत्र लिहिलं की वडिलांना पंचांग काढून ठेवायला सांग.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहरातून चार पिशव्या परत आल्या. दुधाला वास येतो, अशी तक्रार होती. तिसऱ्या दिवशी क्रेटच्या क्रेट परत यायला लागले. एका आजीबाईंनी तर पोस्टकार्ड पाठवलं की नातवाच्या बारशाला खीर केली आणि तिला कांद्याच्या भज्यांचा वास आला, पाहुणे उपाशी उठले. लॅबमध्ये तपासणी झाली. फॅट बरोबर, आंबटपणा बरोबर, भेसळ नाही. वासाला आमच्याकडे यंत्र नाही, असं केमिस्टनं सांगितलं आणि हात वर केले.

शेवटी सहाही रूटचं दूध वेगवेगळं तापवून पाहिलं तेव्हा कळलं. रूट चार, तातोबांचा. तिकडे कांद्याची काढणी सुरू झाली होती आणि कांद्याची पात ढिगानं जनावरांपुढे पडत होती. जनावर धार काढायच्या आधी पात खातं, तास-दोन तासांत तो वास दुधात उतरतो. तापवलं की आणखी वर येतो. एका रूटचं दूध सगळ्या टाकीत मिसळलं आणि पुरं दूध वाया गेलं.

नलवडेसाहेबांनी तातोबांना केबिनमध्ये बोलावलं. मी एका बाजूला कागद घेऊन उभा होतो. साहेब आवाज न चढवता बोलत होते आणि ते जास्त वाईट होतं. पस्तीस वर्षं काढलीत आणि कांद्याचा वास ओळखता आला नाही, असं त्यांनी विचारलं. तातोबा म्हणाले, "न्हाई आला साहेब." आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेपरवेटकडे पाहिलं. तातोबा म्हणाले, "न्हाई."

ते बाहेर गेल्यावर साहेबांनी मला दोन ऑर्डरी टाइप करायला सांगितल्या. एक तातोबांच्या निलंबनाची. जूनअखेर ते निवृत्त होणार होते, म्हणजे निलंबित असतानाच. दुसरी मला कायम केल्याची. "दोन्ही एकाच फायलीत आणा, संध्याकाळी अध्यक्षांची सही घेऊन टाकू," ते म्हणाले.

माझी ऑर्डर मी एकही चूक न करता टाइप केली. तातोबांच्या ऑर्डरमध्ये 'खिलारे' हा शब्द तीनदा चुकला. तीन कागद टोपलीत गेले. खिडकीतून व्हरांड्यातलं बाकडं दिसत होतं आणि तातोबा त्यावर बसले होते, या वेळी डोळे उघडे ठेवून.

हौसामावशी माझा कोरा चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि तिथंच थांबल्या.

"साहेब, एक इचारू? तुमी दुधाचा चहा का पीत न्हाई?"

"सवय नाही, मावशी."

"कवाच न्हाई प्याला? हितं आल्यापासनं?"

"नाही."

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. "मंजी त्या मीटिंगीत काय चाललंय ते तुमास्नी ठावंच न्हवतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्या आजाऱ्याचं दुखणं अखेर सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग त्यांनी सांगितलं. सव्वीस वर्षं त्या दहाचा चहा करत होत्या, पाण्याचा थेंब न घालता, आलं-वेलदोडा न घालता, साखर नावाला. सोमवारी रूट एकच्या दुधाचा, मंगळवारी दोनच्या, असं शनिवारपर्यंत सहा. संघाच्या पहिल्या अध्यक्षांनी ही पद्धत घालून दिली होती. ज्याचं दूध, त्यानं ते बाकीच्या पाच जणांसमोर बसून प्यायचं. दूध चांगलं असलं की कप रिकामे होतात. कसला वास असला, कॅन धुतलेला सोडा राहिला असला, चाऱ्याची चव उतरली असली, की पाची जण कप अर्धे ठेवतात. कुणी तोंडानं बोलायचं नाही. बोललं की त्या गावांची बदनामी, आणि मग भांडणं. ज्याचं त्यानं कपांकडे बघून समजायचं आणि उठून आपल्या गावांकडे जायचं.

"आणि आधी ते टायर, पंक्चर, रस्ते? ते सगळं बोलणं?" मी विचारलं.

"चहा हुईस्तवर येळ काढायला. दूध ताजं तापवावं लागतंय न्हवं."

मी म्हटलं, पण तातोबांना स्वतःच्या नाकानं कळायला नको होतं का?

"त्येंचं घर कांद्यात, गाव कांद्यात, अंगरख्याला कांद्याचा वास," मावशी म्हणाल्या. "त्येंच्या नाकाला कांदा कळत न्हाई, म्हणून तर बाकीची पाच नाकं. दरसाली काढणी लागली की बेस्तरवारी कप अर्धे ऱ्हात्यात. मग ह्यो माणूस दारोदारी फिरतोय, बायकांस्नी सांगतोय, पात धारंच्या आधी घालू नगा, धार काढल्याव घाला. दुसऱ्या बेस्तरवारी कप रिकामं."

त्या गेल्या. मी कपाटातून माझी ती वही काढली. अडतीस दिवस. मीटिंग मध्येच सोडून जाण्याचे प्रकार अकरा होते आणि अकराच्या अकरा माझ्या सुवाच्य अक्षरात, खाली दोन-दोन रेघा ओढून. मी वार जुळवून पाहिले. मंगळवारी रांजणे. शनिवारी सहाचे. सोमवारी एकचे. प्रत्येक वेळी ज्याचा वार, तोच माणूस उठला होता. आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी, माझ्याच अक्षरात: 'चहा सर्वांनी संपवला.' तालुक्याचं दूध माझ्यासमोर अकरा वेळा दुरुस्त झालं होतं, आणि मी समोर बसून लिंबू पिळत होतो.

आणि खरं सांगायचं तर पहिला विचार तातोबांचा आला नाही, वृंदाच्या वडिलांचा आला. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचलेली नव्हती. तातोबा बोलणार नव्हते, मावशींना एमडींच्या केबिनमध्ये कुणी विचारणार नव्हतं. मी वही ड्रॉवरमध्ये टाकली, कुलूप लावलं, दोन ऑर्डरींची फाईल उचलली आणि निघालो. व्हरांड्यात तातोबा मला बघून उठून उभे राहिले. ज्याच्या निलंबनाचा कागद मी काखेत घेऊन चाललो होतो, तो माणूस मला मान द्यायला उभा राहिला. मी तसाच मागे वळलो. इतक्या वर्षांनी सांगताना इथं मी धीरानं वळलो असं सांगावंसं वाटतं, पण कुलपात किल्ली जायला दोन मिनिटं लागली.

नलवडेसाहेबांनी वही पहिल्या पानापासून वाचली. मी मावशींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. मग त्यांनी माझा रिपोर्ट मागवून शेजारी ठेवला.

"तुम्ही लिहिलंय, निर्णय शून्य."

"हो साहेब."

"आणि अकरा झाले."

"हो."

"तुमच्या डोळ्यांसमोर."

"हो साहेब."

"तुम्ही त्या वेळी काय पीत होता?"

"कोरा चहा," मी म्हणालो. "लिंबू घालून."

साहेब उठले आणि खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते चिडले होते की हसत होते हे मला पाठमोरं कळेना, आणि विचारायची हिंमत नव्हती. परत आले तेव्हा त्यांनी तातोबांची ऑर्डर फाडली. माझी फाडली नाही. व्यवस्थित घडी घालून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

"हिचं सहा महिन्यांनी बघू. प्रोबेशन वाढवल्याची ऑर्डर टाइप करून आणा," ते म्हणाले. "तुम्हीच."

ती ऑर्डर मी टाइप केली. माझं स्वतःचं आडनाव दोनदा चुकलं.

वृंदाच्या वडिलांकडे मी स्वतः गेलो. सहा महिने कशामुळे लांबलं, असं त्यांनी विचारलं. चहामुळे, असं मी सांगितलं. आतल्या खोलीतून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. लग्न झालं, दिवाळीनंतर. पण ही गोष्ट त्याची नाही.

दहाची मीटिंग पुन्हा सुरू झाली, तातोबांच्या अटीवर: बोलणं बंद, चहा चालू. खुर्च्या मी काढून टाकल्या. सगळ्यांनी उभ्यानं यायचं, चहा प्यायचा, निघायचं. टायरचे अर्ज लेखी. तातोबा तीन दिवस आपल्या गावांतून हिंडत होते, गोठ्यागोठ्यात जाऊन सांगत होते. बुधवारी संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

गुरुवारी दहा वाजता मावशींनी ट्रे आणला. या वेळी सातही कप सारखे होते. लिंबाची फोड नव्हती. मी विचारलंही नाही.

दूध संघात दोन वर्षं काढून मी आमच्या दुधाचा पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. कांदा होता. फार नव्हता, पण घशाशी कुठंतरी मागे होता. मी कपावरून बाकीच्यांकडे पाहिलं. एकेक कप खाली जात होता, अर्धा, आवाज न करता. रांजण्यांनी ठेवला, एकच्यांनी ठेवला. शेवटी माझाच हातात राहिला आणि तातोबा माझ्याकडे बघत होते.

या माणसाचं मी केवढं नुकसान करायला निघालो होतो. तीन दिवस घसा फोडून तो नुकता आला होता. चार घोट होते फक्त. ते गटागट पिऊन टाकावेत आणि त्याला जरा बरं वाटू द्यावं, असं मला फार फार वाटलं. कप मी ओठापर्यंत नेलासुद्धा.

मग खाली ठेवला. अर्धा.

तातोबांनी माझ्या कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. माझ्यासारखी नव्हे, खरंच कळलेल्या माणसाची मान. त्यांनी टोपी सारखी केली, पिशवी उचलली आणि मला न विचारता बाहेर पडले.

मी वही काढली. लिहिलं: 'खिलारे – मीटिंग मध्येच सोडली.' त्याखाली लिहिलं: 'निर्णय – एक.'